शत्रूच्या रणगाडाविरोधी फळीकडे सैन्य कसं बघतं? इच्छोगिल, असल उत्तर, शकरगड

रणजित_कराड

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून आलो. पॅटन, सेंच्युरियन, सगळं डोळे भरून पाहिलं. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. रणगाडा कसा थांबवतात यावर वाचायला पुष्कळ मिळतं. पण ज्या सैन्याला रणगाडे घेऊन पुढे जायचंय, ते समोरच्याच्या बंदोबस्ताकडे कसं बघतं, यावर फारसं कुणी लिहीत नाही.

दोन उदाहरणं सारखी समोर येतात.

पहिलं १९६५ च्या इच्छोगिल कालव्याचं. लाहोरच्या पूर्वेला, सीमेला जवळपास समांतर, चाळीस-पंचेचाळीस मीटर रुंद, साडेचार मीटरच्या आसपास खोल, काठांना काँक्रीट. तो काही रातोरात खणलेला नव्हता, त्याची माहिती आपल्याकडे नव्हती असं होऊच शकत नाही. तरी ६ सप्टेंबरला ३ जाट पलटण डोगराईतून कालवा ओलांडून बाटापूरपर्यंत पोचली आणि तिला माघारी यावं लागलं. मग तेच डोगराई २१-२२ सप्टेंबरच्या रात्री पुन्हा घ्यावं लागलं, केवढी तरी माणसं गमावून.

दुसरं १९७१ चं शकरगड, जम्मू-पंजाबच्या सीमेलगतचा पाकिस्तानचा भाग. आपल्या १ कोअरकडे (अनेक डिव्हिजन मिळून एक कोअर) तीन डिव्हिजन आणि दोन स्वतंत्र चिलखती, म्हणजे रणगाड्यांच्या, ब्रिगेड होत्या. युद्धबंदीपर्यंत आपण आत गेलो ते दहा-पंधरा किलोमीटर. कारण विचारलं की उत्तर एकच मिळतं, सुरुंग. मग समोर सुरुंग आहेत हे आधी ठाऊक नव्हतं का?

पुस्तकातल्या नकाशावर जाड बाण काढलेला असतो. तो बाण सुरुंगपट्ट्यापाशी पोचल्यावर नेमकं काय होतं, हे माहीत असलेलं कुणी इथे असेल तर सविस्तर लिहावं ही विनंती.

जुना_सॅपर

रणजित, चांगला प्रश्न काढलास. मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सैन्याच्या इंजिनियर दलातून, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. ७१ साली शाळेत होतो. त्यामुळे शकरगडचं जे सांगतोय ते ज्या उस्तादांनी आम्हाला खडकीला शिकवलं त्यांच्याकडून ऐकलेलं आणि नंतर वाचून ताडून घेतलेलं आहे. सुरुंगांचं मात्र माझ्या स्वतःच्या हातचं सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घे. कालवा रणगाडा मारत नाही. सुरुंगही बहुतेक वेळा चेन तोडतो, एखादं चाक उडवतो, आतली माणसं हादरतात पण पुष्कळदा वाचतात. मारते ती तोफ, जिने ती जागा आधीपासून नेमात धरून ठेवलेली असते. त्या तोफेसमोर रणगाड्याला थोडा वेळ उभं करायचं, एवढंच अडथळ्याचं काम. म्हणून सॅपर टेहळणी करून आला की त्याला पाण्याची खोली नंतर विचारतात. आधी विचारतात, इथे मारा कुठून येतो?

आणि गोची इथेच आहे. कालव्याची रुंदी, काठाचा चढ, तळाला चिखल की वाळू, पूल किती टन पेलतो, हे सगळं कळतं. हवाई फोटो असतात, पकडलेले कैदी असतात, रात्री जाऊन येणारी गस्त असते. पण जाळीखाली गप्प बसलेली रिकॉइललेस तोफ (जीपवरही बसणारी हलकी रणगाडाविरोधी तोफ), जी तू तीनशे-चारशे मीटरवर येईपर्यंत एक गोळा टाकणार नाही, ती कुठल्या फोटोत दिसणार? त्यामुळे कागदावर अडथळा बारकाईने उतरतो आणि त्याच्यामागचा मारा अंदाजाने. मग हल्ला करणारं सैन्य दोनपैकी एका बाजूला कलतं. एकतर अडथळ्यालाच सगळं समजून बिचकतं, नाहीतर अडथळा ओलांडला की जिंकलो असं धरून चालतं.

इच्छोगिल पहिल्या प्रकारात बसतो असं माझं मत. ११ कोअरला काम होतं ते कालव्याच्या पूर्व काठापर्यंत पोचून पूल ताब्यात घेण्याचं. म्हणजे योजना कालव्यापाशीच संपत होती. पलीकडे पाय पडला तर पुढे काय, याची ताकद मागे उभी नव्हती. कर्नल डेस्मंड हेड यांची ३ जाट पहिल्याच दिवशी पलीकडे गेली. पण पाठीमागून रणगाडे आले नाहीत, सोबतच्या रिकॉइललेस तोफा विमानहल्ल्यात गेल्या, आणि पलटण कुठवर पोचलीय याची वर नीट खबरही नव्हती. माघारी बोलावलं. शत्रूची फळी आहे त्यापेक्षा भक्कम धरली की अशी संधी हातची जाते, आणि पंधरा दिवसांनी तीच जागा काँक्रीटचे मोर्चे, तारा आणि सुरुंग यांच्यासकट घ्यावी लागते. जाटांनी ती घेतली, हे त्यांचं मोठेपण.

आता शकरगड. हे जरा सावकाश वाच.

पाकिस्तानने तिथे सुरुंगांचे पट्टे एकामागे एक टाकले होते. पुढच्या बाजूला चंगेझ फोर्स नावाची तुकडी, रणगाड्यांसकट, जिचं काम लढत लढत मागे सरकायचं. आणि मागे ८ वी चिलखती ब्रिगेड, प्रतिहल्ल्यासाठी राखून ठेवलेली. सुरुंगांनी आपल्याला कायमचं अडवावं अशी त्यांची अपेक्षाच नव्हती. उशीर व्हावा, आपण नेमके कुठून येतोय ते उघड व्हावं, आणि मग त्या जागेवर ती ब्रिगेड येऊन आदळावी.

हल्ला करणारा सुरुंगपट्टा तासांत मोजतो. अंधार पडला की पायदळ पट्ट्यातून चालत जातं. रणगाड्यासाठीचा सुरुंग माणसाच्या वजनाने फुटत नाही, पण त्यांच्यात माणसांसाठीचे छोटे सुरुंग मिसळलेले असतात, त्यामुळे पाय जातातच. पायदळ पलीकडची जागा धरतं. पाठोपाठ सॅपर लेन, म्हणजे सुरुंग काढून मोकळी केलेली वाट, काढायला लागतात. उजाडायच्या आत त्या लेनमधून रणगाडे पलीकडे गेले पाहिजेत. नाही गेले, तर पहाटे शत्रूचे रणगाडे येतात आणि पायदळाकडे त्यांना रोखायला फारसं काही नसतं. डिसेंबरची रात्र मोठी, तरी पुरत नाही.

१५ डिसेंबरच्या रात्री बसंतर नदीवर हेच झालं. ४७ ब्रिगेडने नदी ओलांडून ठरलेल्या जागा घेतल्या. सॅपरांचं काम निम्म्यावर आलेलं, आणि पुढच्या पायदळाने कळवलं की शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झालीय. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कर्नल हणूत सिंग यांनी लेन पुरी व्हायची वाट पाहिली नाही. रणगाडे तसेच अर्धवट लेनमध्ये घातले. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल, वय २१, रणगाड्याचं नाव फमागुस्ता. शत्रूचे रणगाडे अडवताना गेले, मरणोत्तर परमवीर चक्र.

सॅपरचं नाव मात्र कुणी काढत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. ९ इंजिनियर रेजिमेंटचे मेजर विजय रतन चौधरी. याच मोहिमेत जवानांबरोबर सुरुंगातून वाट काढण्याच्या कामावर असताना गेले. मरणोत्तर महावीर चक्र. आणि ब्रिगेडियर अरुण वैद्य, आपले मराठी अधिकारी, १६ स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख. चक्रा आणि देहलराच्या लढायांत ते स्वतः लेनमधून पुढे गेले आणि रणगाडे पार करून घेतले. त्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं ते या कामगिरीचं.

ठाऊक नव्हतं का, असं विचारतोस. सुरुंग आहेत हे ठाऊक होतं. पट्टा नेमका कुठून सुरू होतो, किती खोल आहे, मध्ये कुठे जागा सुटलीय, हे पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. का ते सांगतो.

प्रॉडर म्हणजे टोकदार सळई. अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायचं, पोटावर पडायचं, आधी उघड्या हाताने गवतात तार चाचपायची. मग सळई तिरकी, जमिनीशी तीसेक अंशांचा कोन करून, तव्यावरची भाकरी उलटताना बोट लागतं तितक्या हलक्या हाताने आत सारायची. उभी खुपसली तर सुरुंगाच्या वरच्या तबकडीवर टेकेल. तिरकी असली तर कुशीला लागते. टक् झालं की थांबायचं, बोटांनी माती बाजूला करून दगड आहे की काय ते बघायचं. मग पुढची जागा, चार बोटं सरकून. प्लास्टिकचा सुरुंग असला तर डिटेक्टर मुका. अशी रणगाडा जाईल एवढी रुंद वाट काढायची, दोन्ही बाजूंनी पांढरी फीत अंथरत, वरून तोफखाना चालू असताना. ट्रॉल (पुढे लावलेलं सुरुंग फोडणारं किंवा बाजूला सारणारं अवजार) लावलेला रणगाडा पुढे घातला तर काम झपाट्याने होतं. पण त्याची धडधड शत्रूला लेनची जागा सांगते, आणि ट्रॉलही ठरावीक स्फोटच सोसतो.

ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, २००१-०२ ला, आम्ही राजस्थानात आपल्याच हद्दीत सुरुंग पेरले आणि नंतर तेच उचलले. प्रत्येकाची नोंद कागदावर, खुणेच्या खुंटापासून अंतर मोजून. तरी वाऱ्याने वाळू हलली आणि वाळूबरोबर तेही हलले. नोंदीतल्या जागी काही नाही, आणि दोन हात बाजूला एक कलंडून पडलेला. आमच्यातल्या एका पोराचा पाय त्यात गेला. पट्टा आपणच घातलेला, नकाशा हातात, दिवसाचा उजेड, समोरून कुणी गोळी झाडत नाही, तरी ही गत. मग शत्रूच्या पट्ट्याचा नकाशा मुख्यालयात बसून कितपत खरा काढता येईल, तूच सांग.

नकाशेवेडी

सुभेदारसाहेब, सळईचा तो परिच्छेद दोनदा वाचला.

मी नागपूरला कॉलेजात दूरसंवेदन शिकवते, म्हणून अलीकडचं एक उदाहरण. २०२३ च्या उन्हाळ्याआधी युक्रेनच्या झापोरिझ्झिया भागातली रशियन फळी आम्ही वर्गात उपग्रहचित्रांवर बघत होतो. खंदकांच्या रांगा, काँक्रीटचे त्रिकोणी दात, सगळं विकत मिळणाऱ्या चित्रांत स्वच्छ दिसत होतं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे नकाशे छापले. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात ओरिखिवच्या दक्षिणेला, माला तोकमाचकाजवळ, युक्रेनचे लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली गाड्या एका रांगेत अडकून पडलेल्या दिसल्या. त्या काँक्रीटच्या दातांपर्यंत पोचल्याही नव्हत्या. त्यांच्या कितीतरी अलीकडे, शेतातल्या सुरुंगांत थांबल्या होत्या. सुरुंग काढणारी खास वाहनंही त्यांतच गेली. आणि लांबून, मानवी नजरेपलीकडून, हेलिकॉप्टरं क्षेपणास्त्रं सोडत होती.

दात चित्रात दिसतात म्हणून सगळ्यांनी दातच मोजले. तुम्ही म्हणता ते तंतोतंत हेच ना? की आता ड्रोनमुळे मागचा माराही दिसायला लागलाय?

अश्दोदकर

नमस्कार. मी इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितोय. आम्ही बेने इस्रायल, मूळचे अलिबागकडचे. आईवडील इथे आले तेव्हा मराठी बरोबर घेऊन आले आणि ती घरात टिकली. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण माझे मामा १९७३ च्या युद्धात राखीव सैनिक म्हणून सिनाईत, सुवेझ कालव्याच्या पूर्वेच्या वाळवंटात, रणगाड्यावर होते.

आमच्या सैन्याची गोष्ट तुमच्या इच्छोगिलच्या नेमकी उलटी आहे. १९६७ मध्ये सहा दिवसांत सिनाई घेतलं, आणि त्या विजयाने आमच्या सेनापतींच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली: रणगाडे आणि विमानं पुरेशी आहेत, पायदळ मागून येईल. इजिप्तकडे रशियन सॅगर ही रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रं आहेत हे गुप्तचर विभागाला ठाऊक होतं. कालव्यावरच्या आधीच्या चकमकींत ती वापरलीही गेली होती. शत्रूच्या हातात काय आहे याची माहिती पक्की होती. तो ते हातात धरून रणगाड्यासमोर बसून राहील, यावर मात्र कुणाचा विश्वास नव्हता. ६७ साली पळालेला शिपाई ७३ मध्येही पळेल, असं गृहीत धरलं होतं.

६ ऑक्टोबरला इजिप्तचं पायदळ सुवेझ ओलांडून आलं ते हीच हत्यारं घेऊन. सॅगर एका पेटीत मावतं, सुटकेससारख्या, आणि माणूस ती पाठीवर नेतो. मारा तीन किलोमीटरपर्यंत. मागे बारीक तार उलगडत जाते आणि चालवणारा छोट्या दांड्याने त्याला लक्ष्यापर्यंत नेतो. फार जवळ आलेल्या रणगाड्यावर ते चालत नाही, म्हणून तेवढ्या अंतरासाठी शेजारी आरपीजी (खांद्यावरून डागायचं रॉकेट) घेतलेले शिपाई बसवलेले. दोन्हींची नीट जोडी लावली होती. ८ ऑक्टोबरचा आमचा प्रतिहल्ला पायदळ आणि पुरेशा तोफखान्याशिवाय, नुसत्या रणगाड्यांनी झाला आणि फसला. एका बटालियनचा कमांडर, असाफ यागुरी, पकडला गेला.

मामा फार बोलायचे नाहीत. एक गोष्ट मात्र सांगायचे. परत आलेल्या रणगाड्यांवर बारीक तारांचा गुंता असायचा, तोफेच्या नळीवर, चेनमध्ये, झाकणावर. प्रत्येक तार म्हणजे चुकलेलं एक क्षेपणास्त्र. त्या तारा हाताने सोडवताना त्यांना मोजायची हिंमत व्हायची नाही.

काही दिवसांतच आमच्या लोकांनी तोड काढली. सॅगर लांबच्या लक्ष्यापर्यंत पोचायला वीस-पंचवीस सेकंद घेतं आणि तेवढा वेळ चालवणाऱ्याला नजर हलवता येत नाही. ज्याला धुराचा ठिपका दिसला त्याने ओरडायचं, सगळ्यांनी त्या दिशेने मारा करायचा, रणगाड्यांनी आडवं पळायचं. शिपायाने डोकं खाली घेतलं की क्षेपणास्त्र वाळूत जातं. पुढे १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे स्वतःच आपल्या फळीतून बाहेर पडून पुढे आले आणि एका दिवसात दोनशेहून जास्त गमावून बसले. बसून लढताना जे त्यांच्याकडे होतं, ते पुढे जाताना बरोबर आलं नाही.

आणि सॅपरकाकांसाठी एक. आमच्या बाजूने कालव्याच्या काठावर वाळूचा उंच बांध होता. तो फोडून रणगाड्यांना वाट करायला शत्रूला एक-दोन दिवस लागतील असा आमचा अंदाज. इजिप्तच्या एका इंजिनियर अधिकाऱ्याने, बाकी झाकी युसुफ यांनी, अस्वान धरणावर काम केलेलं होतं. तिथे वाळू पाण्याने वाहून नेताना त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी सुचवलं की जोरदार पंप आणा आणि कालव्याचंच पाणी बांधावर मारा. काही तासांत खिंडारं पडली आणि रात्रीतून पुलांवरून रणगाडे अलीकडे आले.

जुना_सॅपर

अश्दोदकर, तुमच्या मामांना माझा सलाम सांगा, ते असतील तर. नसतील तर तुम्हीच घ्या.

युसुफ साहेबांची गोष्ट आम्हाला वर्गात शिकवली होती. शत्रूचा अडथळा बघायला रणगाडेवाला पाठवला तर तो विचारेल, हे ओलांडू कसं? सॅपर विचारतो, हे बनलंय कशाचं? वाळूचं असेल तर वाळूला काय हलवतं? शत्रूच्या बांधाकडे असं बघणारा एक माणूस मुख्यालयात हवा आणि त्याचं ऐकणारा दुसरा.

रणजितने शीर्षकात असल उत्तर लिहिलंय पण प्रश्नात विचारलं नाही. तिथे आपण बचाव करणारे होतो, म्हणून पाकिस्तानने आपल्या फळीकडे कसं पाहिलं ते सांगतो. सप्टेंबर ६५. पंजाबात सीमेजवळच्या खेमकरणकडून आपल्या ४ माउंटन डिव्हिजनचा पहिला हल्ला फसला होता, काही पलटणी विस्कळीत झाल्या होत्या. पाकिस्तानचा हिशेब असा दिसतो की ही डिव्हिजन मोडली, आता पॅटन घेऊन भिखीविंडकडे घुसायचं आणि बियासच्या पुलाकडे जायचं. आपले जनरल गुरबक्ष सिंग यांनी मागे सरकून असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी फळी लावली, रणगाडे उसात दडवले आणि शेतांत पाणी सोडलं. पॅटन पंचेचाळीस टनांच्या घरातला. वरून हिरवं दिसणारं शेत खाली चिखल झालेलं. बाजूने वळसा घालायला गेले ते रुतले, आणि रुतलेल्या रणगाड्यावर उसातून मारा.

हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव शाळेत ऐकलं असेल. त्यांची रिकॉइललेस तोफ जीपवर होती. ती उडाली की मागच्या बाजूने धुळीचा आणि ज्वाळेचा एवढा लोट निघतो की मैलावरून कळतं इथे काहीतरी आहे. गोळा टाकला की लगेच जीप हलवायची, नाहीतर पुढचा गोळा तुमच्यावर. हमीद यांनी जागा बदलत बदलत एकामागून एक रणगाडे टिपले आणि १० सप्टेंबरला तिथेच गेले. परमवीर चक्र. आपल्या नोंदींप्रमाणे त्या लढाईत पाकिस्तानचे ९७ रणगाडे गेले. पकडलेले भिखीविंडला रांगेत उभे केले, लोक त्या जागेला पॅटन नगर म्हणायला लागले.

आणि त्या लढाईत डेक्कन हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे कमांडर कोण होते? लेफ्टनंट कर्नल अरुण वैद्य. जुने शर्मन रणगाडे घेऊन. पहिलं महावीर चक्र तिथलं. सहा वर्षांनी तेच शकरगडला दुसऱ्या बाजूने, सुरुंगांसमोर. ज्याने स्वतः फळी लावून रणगाडे अडवलेत त्याला समोरची फळी वेगळी दिसते असं मला मनापासून वाटतं. कुठे थांबलो तर मरू, हे त्याला अंगात ठाऊक असतं. देहलराला लेनमधून स्वतः पुढे जाण्यामागे शौर्य होतंच. पण लेनच्या तोंडाशी रणगाडे तुंबले तर काय होतं, हे त्यांनी असल उत्तरला शत्रूचं होताना पाहिलेलं होतं.

नकाशेवेडी ताई, ड्रोनमुळे तोफ दिसायला लागलीय हे खरं. पण ड्रोन त्यांच्याकडेही आहेत. लेन काढणारा सॅपर आता वरूनही दिसतो. माझ्या मते हल्ला करणाऱ्याचं काम अवघड झालंय. अंधार हा आमचा मोठा आधार होता, आणि उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्यांनी तो काढून घेतला.

रणजित_कराड

सुभेदारसाहेब, अश्दोदकर, ताई, तिघांचेही मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

एकच शेवटचं विचारतो. पंजाबात आपण ६५ नंतर खंदक आणि बांध बांधलेत, डीसीबी म्हणतात ते. पलीकडचे त्याच्याकडे कसे बघत असतील, हे आपलं सैन्य कसं ओळखतं? आणि त्यांच्या कालव्यावर आज आपण काय नेऊ?

जुना_सॅपर

दुसऱ्याचं आधी, कारण त्यात पुण्याचा अभिमान आहे. दिघीला डीआरडीओची जी प्रयोगशाळा आहे, तिथे पूल टाकणारे रणगाडे तयार झाले. आम्ही त्यांना बीएलटी म्हणतो. आधी विजयंताच्या सांगाड्यावरचा कार्तिक, नंतर टी-७२ वरचा. सर्वत्र नावाचा जोडपूलही तिथलाच. पंधरा-पंधरा मीटरचे पाच तुकडे, सगळे जोडले की पंचाहत्तर मीटर. चाळीस-पंचेचाळीस मीटरच्या कालव्याला तीन तुकडे लागतील, काठ उंच असतील तर आणखी एक. पण पूल टाकायच्या आधी पलीकडचा काठ पायदळाने धरलेला हवा, आणि पुलाकडे जाणारी वाट भरलेल्या गाडीचं वजन पेलणारी हवी. काठाजवळची ओली जमीन पुष्कळदा पाण्यापेक्षा जास्त वेळ खाते. आम्ही सरावात पहिली पाहणी त्या जमिनीची करायचो, हातात माती घेऊन.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. आपलेच चांगले अधिकारी निवडून त्यांना शत्रू करतात आणि सांगतात, आपली फळी तोडून दाखवा. त्यांना बंधन काही नाही. मी अशा एका सरावात तोडणाऱ्यांच्या बाजूने होतो. सगळ्यांचं लक्ष बांधावरच्या मोर्च्यांकडे. आमच्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं ते एका ओढ्यावर, जिथे खंदक ओढ्याला मिळत होता आणि पावसाने काठ ढासळला होता. बुलडोझरने थोड्या वेळात उतार झाला. नंतर तिथे बचाव करणाऱ्यांनी रिकॉइललेस तोफेची जागा नेमली. ढासळलेला काठ दुरुस्त झालाच, पण तोफ तिथेच ठेवली.

शकरगडचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा कुणाकडे असेल तर इथे टाका. चक्रा, देहलरा, जरपाल आणि बसंतरचं पात्र त्यावर आलं पाहिजे. ४७ ब्रिगेड कुठून उतरली आणि पूना हॉर्स कुठून पार झाली ते मी खुणा करून देतो.